मुहूर्त टळलेल्या दोन नगरी : अंबाजोगाई आणि परळी वैजनाथ

बीड जिल्ह्याच्या पूर्व भागात, एकमेकांपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, अंबाजोगाई आणि परळी वैजनाथ ही दोन तालुक्याची शहरे वसली आहेत. त्यांच्यावर पडणारा पाऊस, त्यांच्या वाट्याला येणारा दुष्काळ आणि त्यांच्यावर झालेली राज्ये यांत फारसा फरक नाही. देवगिरीच्या यादवांपासून निजामापर्यंतच्या सत्तांनी दोन्ही गावांवर सारखाच अंमल केला आणि १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा दोन्ही गावे एकाच दिवशी मोकळी झाली. असे असूनही या दोन गावांचा स्वभाव इतका वेगळा आहे की एकाच जिल्ह्यातले लोक त्यांच्याविषयी दोन निरनिराळ्या सुरांत बोलतात. अंबाजोगाईचा उल्लेख निघाला की शाळा, महाविद्यालये, मोठा दवाखाना, व्याख्याने आणि जुने ग्रंथ यांची आठवण होते. परळीचे नाव निघाले की ज्योतिर्लिंग, रेल्वे, थर्मल, बाजारपेठ आणि राजकारण यांची. एकाच मातीतून दोन इतके निराळे नागर स्वभाव कसे घडले आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, हा या लेखाचा विषय आहे.

घाटमाथा आणि पायथा

या वेगळेपणाचे पहिले कारण भूगोलात सापडते. बीड जिल्ह्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात: दक्षिणेकडचा बालाघाटाचा उंच पठारी भाग आणि उत्तरेकडचा, गोदावरीच्या काठाने पसरलेला सखल भाग, ज्याला 'गंगथडी' म्हणतात, कारण मराठवाड्यात गोदावरीला सर्रास 'गंगा'च म्हटले जाते. अंबाजोगाई बालाघाटाच्या माथ्यावर आहे, तर परळी त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी, गंगथडीकडे तोंड करून बसली आहे. डोंगरमाथ्यावरच्या गावाला एकांत, थोडीफार थंड हवा आणि संरक्षण मिळते. पायथ्याच्या गावाला वाट, बाजार आणि पुढे रेल्वे मिळते, कारण रूळ सपाटीचा मार्ग शोधतात. परळीहून अंबाजोगाईला निघालेली बस घाट चढू लागते, तेव्हा प्रवासी एका प्रकारच्या गावातून दुसऱ्या प्रकारच्या गावात चाललेला असतो, आणि हे अंतर किलोमीटरांपेक्षा चढणीने अधिक चांगले कळते.

लोकसंख्येच्या दृष्टीने दोन्ही शहरे मध्यम आकाराची आहेत. २०११ च्या जनगणनेत परळीची वस्ती सुमारे ९० हजार, तर अंबाजोगाईची सुमारे पाऊण लाख होती. महानगरांच्या तुलनेत ही गावे लहान वाटतील. परंतु ज्या जिल्ह्यातील बहुसंख्य माणसे कोरडवाहू शेतीवर आणि हंगामी ऊसतोडीवर जगतात, त्या जिल्ह्यात अशा गावांचे वजन त्यांच्या आकाराहून कितीतरी मोठे असते. खेड्यातल्या मुलाला शहर म्हणजे काय हे पहिल्यांदा कळते ते इथेच.

टळलेला मुहूर्त

दोन्ही गावांना जोडणारी सर्वांत जुनी गोष्ट एका लग्नाची आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी, जिला लोक प्रेमाने 'जोगाई' म्हणतात, तिचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, असे ही लोककथा सांगते. देवी कोकणातून वऱ्हाडासह निघाली, परंतु लग्नाचा मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी दगड झाले आणि देवी अंबाजोगाईतच कुमारिका म्हणून राहिली. गावाजवळ जयंती नदीच्या काठी एकाच खडकात कोरलेली लेणी आहेत. त्यांच्या अंगणातील दगडी हत्तींमुळे लोक त्यांना 'हत्तीखाना' म्हणतात, आणि कथेच्या ओघात हाच देवीच्या वऱ्हाडाचा जानवसा, म्हणजे वऱ्हाडाच्या उतरण्याची जागा, मानला जातो. इतिहासाच्या दृष्टीने ती शैव लेणी आहेत आणि त्यांचा लग्नाशी संबंध नाही; परंतु दगडातील हत्ती पाहून लोकमनाने थांबलेल्या वरातीची कल्पना करावी, हे त्या मनाच्या काव्यशक्तीचे लक्षण आहे.

योगेश्वरी ही कोकणस्थ ब्राह्मणांची कुलदेवता आहे. सह्याद्रीपलीकडच्या समाजाची कुलदेवता बालाघाटावर कशी, या प्रश्नाचे उत्तर आणखी एका लग्नाच्या कथेत दिले जाते: परशुरामाने कोकणात वसवलेल्या पुरुषांसाठी वधू अंबाजोगाईहून नेल्या आणि त्यांच्या वंशजांनी देवीला कुलस्वामिनी मानावे, अशी अट त्यासाठी घालण्यात आली. या कथांचा ऐतिहासिक पुरावा शोधण्यात अर्थ नाही, पण त्यांचा रोख लक्षात घेण्यासारखा आहे. पहिल्या कथेत या गावाची देवी अविवाहित राहते आणि दुसरीत हेच गाव दूरदेशीच्या घरांना मुली देते. गावाच्या इतिहासातही असेच घडत आले, कारण अंबाजोगाईने इतरांना घडवून पाठवले आणि स्वतःच्या पदरात त्या मानाने थोडे ठेवले.

परळीच्या बाजूने वैजनाथाची कथा वेगळी आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि वैद्यराज धन्वंतरी यांना दैत्यांपासून वाचवण्यासाठी या लिंगात लपवण्यात आले, अशी परंपरा असल्याने या देवाला वैद्यांचा नाथ, म्हणून वैद्यनाथ, म्हटले जाते आणि 'वैजनाथ' हे त्याचेच बोलीतले रूप होय. बारा ज्योतिर्लिंगांत वैद्यनाथ नेमके कोणते, याविषयी झारखंडमधील देवघर आणि परळी यांच्यात जुना वाद आहे आणि तो संस्कृत स्तोत्राच्या दोन भिन्न पाठांवर उभा आहे. महाराष्ट्रातील भाविकांच्या मनात मात्र हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. टेकडीच्या उतारावरील या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला. प्रशस्त दगडी पायऱ्या चढून गेल्यावर भाविकाला प्रत्यक्ष लिंगाला हात लावून दर्शन घेता येते, ही या स्थानाची विशेष बाब आहे. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र या काळात परळी ही सगळ्या मराठवाड्याची आणि शेजारच्या तेलंगण-कर्नाटकाचीही होते.

शब्दाची नगरी

अंबाजोगाईची ओळख शब्दावर उभी आहे. मुकुंदराजाचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ परंपरेने शके १११०, म्हणजे इ.स. ११८८, चा मानला जातो आणि त्या हिशेबाने तो 'ज्ञानेश्वरी'च्या आधी सुमारे १०० वर्षांचा ठरतो. अद्वैत वेदान्त, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच आहेत हे तत्त्वज्ञान, त्यात गुरु-शिष्य संवादाच्या रूपाने मराठी ओवीत सांगितले आहे. या ग्रंथाचा काळ आणि त्याचे स्थळ या दोन्ही बाबतींत विद्वानांत मतभेद आहेत आणि विदर्भातील वैनगंगेकाठचे आंभोरे हे मुकुंदराजाचे गाव असल्याचा दावा अनेक अभ्यासक करतात. अंबाजोगाईजवळच्या दरीत मात्र मुकुंदराजाची समाधी शतकानुशतके पूजली जाते आणि मराठीचा आद्यकवी आपला आहे, ही भावना या गावाच्या अंगात मुरलेली आहे. ग्रंथाचे जन्मस्थान कोणतेही ठरले, तरी एखादे गाव राजापेक्षा कवीच्या समाधीचा अभिमान बाळगते, यातून त्या गावाची आवड कळून येते.

यादवकालीन शिलालेखांनी या गावाचा मान आणखी वाढवला आहे. राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे मंदिरे उभारली. त्याचा पुत्र राम गुजरातेवरील स्वारीत कामी आला, तेव्हा रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ येथे मंदिर बांधले, असे शिलालेखातून समजते. 'बाराखांबी' या नावाने ओळखले जाणारे सकलेश्वराचे मंदिर याच काळाचा वारसा सांगते. मध्ययुगीन दख्खनेत एका बहिणीचा शोक दगडावर कोरला जावा आणि तो आठशे वर्षे वाचता यावा, ही या गावाची ठेव आहे.

सोळाव्या शतकात दासोपंत (१५५१–१६१५) येथे आले. बिदरच्या सत्तेखालील नारायणपेठ येथे जन्मलेल्या या दत्तभक्त कवीने गीतेवर 'गीतार्णव' लिहिला, ज्याची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख मानली जाते. तथापि अंबाजोगाईच्या दृष्टीने त्यांची सर्वांत विलक्षण निर्मिती म्हणजे 'पासोडी' होय. पासोडी म्हणजे पांघरायचे जाड सुती वस्त्र. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा वस्त्रावर 'पंचीकरण' हा वेदान्तातील विषय लिहून काढला आणि ते वस्त्र आजही अंबाजोगाईत जपलेले आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पाच सूक्ष्म तत्त्वांपासून स्थूल जग कसे बनते, ते सांगणारा विचार म्हणजे पंचीकरण. त्यानुसार प्रत्येक स्थूल भूतात निम्मा अंश त्याचा स्वतःचा असतो आणि उरलेला निम्मा अंश इतर चार भूतांचा, प्रत्येकाचा एक अष्टमांश याप्रमाणे, मिसळलेला असतो. कोणतेही तत्त्व शुद्ध, एकटे असे जगात आढळत नाही. थंडीत अंगावर घ्यायच्या कापडावर जगाची घडण लिहिणाऱ्या या कवीचा विचार पुढे दोन शहरांच्या संबंधात पुन्हा आठवावा लागणार आहे.

मोमिनाबादेतील मराठी शाळा

निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते आणि हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी येथे होती. याच मोमिनाबादेत विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात योगेश्वरीच्या नावाने मराठी शिक्षणाची खासगी संस्था उभी राहिली. संस्थानात शिक्षणाचे आणि राज्यकारभाराचे माध्यम उर्दू होते, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उच्च शिक्षण उर्दूतून दिले जात होते. अशा वातावरणात खासगी मराठी शाळा ही राजकीय कृती ठरत असे. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२), हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर १९३० च्या दशकात येथे मुख्याध्यापक म्हणून आले आणि १९३८ च्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी ते येथूनच बाहेर पडले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना याच वर्तुळात लाभले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व ज्या वर्गखोल्यांतून घडले, त्यांत मोमिनाबादेच्या खोल्यांची गणना करावी लागते. या गावाने शब्दाला केवळ पोथीत ठेवले नाही, त्याला फळ्यावर आणि पुढे रस्त्यावर आणले.

१९७४ साली येथे स्वामी रामानंद तीर्थांच्याच नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ज्याचा उल्लेख आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असा केला जातो. डॉक्टर मोठ्या शहरात शिकला की तो तिथेच स्थिरावतो, म्हणून वैद्यकीय शिक्षणच खेड्यांच्या जवळ न्यावे, असा त्यामागचा विचार होता. त्याच्या रुग्णालयात आज बीडसह शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. बाळंतपणासाठी आणलेली वाडीवरची सून, विंचू चावलेला सालगडी, उसाच्या फडात कोयत्याने हात कापून घेतलेला मजूर या सगळ्यांसाठी 'अंबाजोगाईला नेलंय' या एका वाक्यात काळजी आणि आशा दोन्ही सामावलेल्या असतात. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली 'मानवलोक', म्हणजे मराठवाडा नवनिर्माण लोकायन, ही संस्था पाणलोट, दुष्काळनिवारण आणि ग्रामसंघटन यांत राबली, तर डॉ. शैला लोहिया यांच्या 'मनस्विनी' या कामाने संकटातील स्त्रियांना आधार दिला. या सर्व कामांत एक समान धागा दिसतो: अंबाजोगाई माणसाकडे शिकवण्याच्या, बरे करण्याच्या आणि संघटित करण्याच्या दृष्टीने पाहते.

या स्वभावाला त्याची मर्यादाही आहे. स्मरणात रमणारे गाव हळूहळू स्मरणावरच जगू लागण्याचा धोका असतो. बारावीनंतरची, किंबहुना दहावीनंतरचीच, हुशार मुले आता लातूरची वाट धरतात. स्वतंत्र अंबाजोगाई जिल्ह्याची मागणी अनेक दशके होत राहिली आणि ती निवेदनांत, मोर्चांत आणि आश्वासनांतच राहिली. ज्या गावात सर्वाधिक बोलले आणि लिहिले गेले, त्याच गावाचे म्हणणे ऐकले गेले नाही, ही खंत येथील सुशिक्षित माणसाच्या बोलण्यात आजही जाणवते आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

विस्तवाची नगरी

परळीचा आधुनिक स्वभाव १९७१ साली घडू लागला. त्या वर्षी येथील औष्णिक विद्युत केंद्राचा ३० मेगावॉट क्षमतेचा पहिला संच सुरू झाला. औष्णिक वीज म्हणजे कोळसा जाळून पाण्याची वाफ करणे आणि त्या वाफेच्या दाबाने चक्र फिरवून वीज निर्माण करणे. १९८० च्या दशकात २१० मेगावॉटचे तीन संच कार्यान्वित झाले, त्यानंतर २५० मेगावॉटचे तीन संच आले आणि जुने संच टप्प्याटप्प्याने निवृत्त झाल्यावर आज या तीन संचांची ७५० मेगावॉट क्षमता उरली आहे. लोकांच्या तोंडी या केंद्राचे नाव एकच आहे, 'थर्मल'. बीड जिल्ह्यात या आकाराचा दुसरा उद्योग नाही. त्यामुळे थर्मलमध्ये लागलेली कायमची नोकरी ही परळी परिसरातील दोन पिढ्यांसाठी दुष्काळातून बाहेर पडण्याची वाट होती. राज्यभरातून आलेले अभियंते, त्यांची वसाहत, कंत्राटी कामगार, मालमोटारींचे मालक आणि हॉटेलवाले यांनी परळीला तिची सध्याची लय दिली. अंबाजोगाईचा दिवस शाळेच्या घंटेने मोजला जातो असे म्हटले, तर परळीचा दिवस देवळाच्या घंटेने आणि पाळीच्या भोंग्याने मोजला जातो.

या लयीची किंमत समजण्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागतो. २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने एक दिवस चालला, तर ६० लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला साधारणपणे ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे एका दिवसात सुमारे ४ हजार टन कोळसा जळतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४० टक्के असल्याने त्यातून रोज १२०० ते १६०० टन राख उरते. हीच राख परळीच्या जीवनातील दुसरी वस्तुस्थिती आहे. तिच्यापासून विटा बनतात, ती सिमेंटला लागते, भराव म्हणून वापरली जाते आणि त्यामुळे वीटभट्ट्यांचा व मालवाहतुकीचा मोठा व्यवसाय येथे फोफावला. परंतु उघड्या वाहनातून सांडणारी राख रस्त्यालगतच्या घरांत, पिकांवर आणि माणसांच्या फुप्फुसांत जाते आणि राखेच्या तळ्यांजवळची गावे वर्षानुवर्षे त्याविषयी तक्रार करत आली आहेत. ज्या देवाच्या अंगावर भस्म असते, त्याच्या गावाला राख नवी नाही, असे भाविक म्हणू शकतील. पण भस्म माणूस स्वतः कपाळी लावतो आणि ही राख न विचारता अंगावर येऊन बसते, हा भेद पुसता येणार नाही.

परळीचा दुसरा आधार रेल्वे आहे. विकाराबाद आणि परभणी या दोन्ही बाजूंनी येणारे रूळ येथे मिळतात. त्यामुळे परळी जंक्शन हे जिल्ह्याचे बाहेरच्या जगाकडे उघडणारे दार बनले, आणि कोळशाच्या वाघिणी, यात्रेकरू व धान्याची पोती ही सर्व याच दाराने आत-बाहेर झाली. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहरात मात्र प्रवासी रेल्वे पोहोचण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाचा बीडपर्यंतचा टप्पा त्या दिवशी सुरू झाला. अंबाजोगाई शहराला आजही रेल्वे नाही. तिच्या तालुक्यातील घाटनांदूर किंवा शेजारची परळी हीच तिची स्थानके. दाराशी बसलेल्या गावात व्यवहारचातुर्य येते, अनोळखी माणसाची सवय होते आणि सत्ता कशी चालते याचे भान लवकर येते. परळीच्या राजकीय स्वभावाचे मूळ तिच्या जंक्शन असण्यातही शोधता येईल.

परळीला शब्द नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. संत जगमित्र नागा यांची समाधी येथे आहे आणि सर्व प्राणिमात्रांशी मैत्री हे त्यांच्या नावातच आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९८३ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अंबाजोगाईत झाले आणि १९९८ मध्ये द. मा. मिरासदारांच्या अध्यक्षतेखाली परळीत झाले. बीडसारख्या जिल्ह्यातील दोन तालुक्याच्या गावांनी पंधरा वर्षांच्या अंतराने हा मान मिळवावा, ही उपेक्षित म्हटल्या जाणाऱ्या भागाची खरी श्रीमंती आहे.

पाण्यासमोर दोघी सारख्या

स्वभाव कितीही भिन्न असले, तरी पाण्यासमोर ही दोन्ही गावे एका पंगतीला बसतात. अंबाजोगाई धनेगावच्या मांजरा धरणाकडे डोळे लावून असते आणि त्याच धरणावर लातूरचीही तहान अवलंबून आहे. परळी शहर वाण नदीवरील नागापूरच्या प्रकल्पाकडे पाहते, तर थर्मल गोदावरीवरील खडका बंधाऱ्याकडे आणि माजलगाव धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्याकडे. औष्णिक केंद्राला एका युनिटमागे साधारण ३ ते साडेतीन लिटर पाणी लागते, असे धरले, तर २५० मेगावॉटचा एक संच दिवसाला सुमारे २ कोटी लिटर पाणी पितो. माणशी १०० लिटर या हिशेबाने ९० हजार वस्तीच्या शहराला ९० लाख लिटर पुरतात. म्हणजे एक संच शहराच्या दुपटीहून अधिक पाणी घेतो. म्हणूनच २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी हे केंद्र पूर्णपणे बंद पडले आणि २०१५ च्या दुष्काळात ते पुन्हा थांबले. कोळसा होता, माणसे होती, यंत्रे होती, पण विस्तवाला पाण्याची साथ नव्हती. ज्या महिन्यांत चिमणीतून धूर निघाला नाही, त्या महिन्यांत कंत्राटी कामगाराच्या घरातील चूलही मंदावली.

पाण्याच्या याच टंचाईपायी दिवाळीच्या सुमारास दोन्ही तालुक्यांच्या खेड्यांतून ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला 'उचल', आणि ही उचल फेडण्यासाठी जोडी पाच-सहा महिने परमुलखात फडावर राहते. शब्दाची नगरी आणि विस्तवाची नगरी, दोन्हींच्या भोवती हा अंधार आहे आणि दोन्हींची परीक्षा याच ठिकाणी होते. अंबाजोगाईचे शिक्षण कोयत्याच्या पोरापर्यंत पोहोचते का, परळीची वीज त्याच्या बापाच्या विहिरीवरील मोटर चालवते का, हे दोन प्रश्न या शहरांच्या गौरवगाथेपेक्षा महत्त्वाचे आहेत. भारनियमनाच्या वर्षांत परळीच्या भोवतालच्या खेड्यांनी अंधार सोसला आणि चिमणीच्या सावलीतील शेतकरी रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहत बसला, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

अर्धा अंश आपला

येथे दासोपंतांचे पंचीकरण पुन्हा आठवते. वैद्यांचा नाथ परळीत आहे, पण वैद्य घडवणारे महाविद्यालय अंबाजोगाईत आहे. आदिशक्ती अंबाजोगाईत आहे, पण वीज या रूपातील शक्ती परळीत निर्माण होते. परंपरेने जे एका गावाला दिले, ते आधुनिक काळाने दुसऱ्या गावाच्या ओंजळीत टाकले. परळीत अपघात झाला किंवा कुणाला धाप लागली की रुग्णवाहिका घाट चढते, आणि अंबाजोगाईच्या शस्त्रक्रियागृहातील दिवे ज्या जाळ्यातून पेटतात, त्या जाळ्यात परळीचीही वीज मिसळलेली असते. परळी तालुक्यातील नाथ्रा या गावी जन्मलेले गोपीनाथ मुंडे (१९४९–२०१४) महाविद्यालयीन शिक्षणासाठी अंबाजोगाईत आले आणि येथेच त्यांची प्रमोद महाजनांशी मैत्री झाली. पुढे राज्याच्या व देशाच्या राजकारणात पोहोचलेले हे सख्य म्हणजे पायथ्याची व्यवहारशक्ती आणि माथ्याची वाणी यांची भेट होती. प्रत्येक गाव निम्मे स्वतःचे आणि उरलेले दुसऱ्याचे आहे, हे कापडावर लिहिलेले तत्त्व या दोन शहरांच्या रोजच्या व्यवहारात वाचता येते.

म्हणूनच या दोघींना प्रतिस्पर्धी मानणारी दृष्टी दोघींचेही नुकसान करते. जिल्ह्याचे ठिकाण कुणाला, रेल्वे कुणाला, नवे कार्यालय कुणाला, या वाटणीच्या भाषेत बोलले की माथा आणि पायथा यांच्यातील घाट उंच होत जातो. याउलट थर्मलच्या राखेमुळे फुप्फुसांवर काय परिणाम होतो याचा दीर्घ अभ्यास अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाने हाती घेतला, परळीच्या स्थानकावर उतरणाऱ्या यात्रेकरूला पासोडी, हत्तीखाना आणि मुकुंदराजाची समाधी यांची वाट दाखवली गेली, आणि शतकांपूर्वीचे ते वस्त्र जपण्यासाठी लागणारा खर्च दोन्ही गावांनी मिळून उचलला, तर एकीच्या उणिवेला दुसरीचा आधार मिळेल. यांतील एकाही गोष्टीला नवा जिल्हा लागत नाही. घाट उतरून-चढून रोज ये-जा करणाऱ्या माणसांनी जे नाते टिकवले आहे, त्याची संस्थांनी दखल घेणे तेवढे लागते.

मार्गशीर्षात योगेश्वरीचा उत्सव भरतो आणि माघातल्या वद्य चतुर्दशीला महाशिवरात्रीसाठी परळीचा रस्ता फुलतो. या दोन सणांमध्ये जेमतेम अडीच महिन्यांचे अंतर आहे आणि अनेक घरांतील माणसे दोन्हीकडे जातात. देवी कुमारिका का राहिली, असे नातवंडाने विचारले की अंबाजोगाईच्या आजीला परळीच्या वैजनाथाचे नाव घ्यावेच लागते; तिच्या गावाची सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट दुसऱ्या गावाशिवाय सांगताच येत नाही. मराठी घरात लग्न लागले की नवरीने नवऱ्याचे नाव घ्यायचे असते. इथे मुहूर्त टळला आणि लग्न लागले नाही, तरीही नाव घेण्याची रीत मात्र घाटमाथ्यावर पिढ्यानपिढ्या चालू राहिली आहे.